काढलेली बाग बघायला जा

आमच्या सोलापूर जिल्ह्यात डाळिंब लावायचं ठरलं की माणूस आधी जोरातली बाग बघायला जातो. गाडी करून सांगोला गाठायचं, लगडलेल्या भगव्याचे (हा डाळिंबाचा वाण) फोटो काढायचे, मालकाकडून खता-औषधांची यादी उतरवून घ्यायची आणि तीच यादी दुकानदारापुढं ठेवायची. माझं म्हणणं वेगळं आहे. आधी काढून टाकलेली बाग बघावी.

लागवडीआधी मी तशा बागा शोधत फिरलो. सांगोल्याकडच्या एका काकांनी जेसीबी लावून अख्खा प्लॉट काढला होता. बांधावर खोडांची रास पडलेली. काकांनी त्यातलं एक ओढून काढलं आणि कुऱ्हाडीनं उभं फोडलं. आतल्या पिवळसर लाकडात तपकिरी-काळपट पट्टा खालपासून वर गेलेला. "ही मर. वरनं बघितलं तर एकच फांदी पिवळी. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून पाणी वाढवलं." झाडं दाट लावलेली, मुळं मुळांत गुंतलेली, त्यामुळं झाड वाळवणारा हा रोग जमिनीखालून शेजारच्या झाडात जात राहिला. खोडावर टाचणीच्या टोकाएवढी भोकंही होती, खोडकिड्याची. माझ्या बागेत दोन झाडांतलं अंतर आणि खोडांना दिलेला गेरूचा मुलामा दोन्ही त्या राशीपाशी ठरलं.

निघताना काका म्हणाले, "बाग जोरात हुती तवा बघायला रोज गाड्या यायच्या. काढल्यापासनं तूच पहिला आलास, बाळा." मला वाईट वाटलं, रागही आला. ठेच खाऊन एवढं शिकलेला माणूस आणि त्याला विचारायला कुणी नाही!

तेल्याचंही तसंच. हा जिवाणूजन्य रोग, पावसाच्या शिंतोड्यांबरोबर पानापानांवर पसरतो. फळावर काळे डाग पडतात, मग फळ तडकतं. तरीही कितीतरी जण मृग बहार धरतात, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर झाडाला फुलं आणतात, कारण पाणी वरून मिळतं. ज्यांची अख्खी बाग अशी गेली, त्यांच्यापाशी बसल्यावर मी हस्त बहार निवडला. त्यात पाऊस सरल्यावर कळी निघते. पण परतीचा पाऊस लांबला तर झाडाला ताण (कळी निघण्याआधी पाणी तोडून देतात तो) बसत नाही, आणि पुढं थंडीत पाणी द्यायला शेततळं लागतं. हा हिशोबही त्यांनीच मांडून दाखवला. एकानं शेजाऱ्याच्या रोगट बागेतली गुटी (फांदीला मुळं फोडून केलेलं रोप) फुकट मिळाली म्हणून लावली होती. दुसऱ्याकडं छाटणीची टोळी आजारी प्लॉटवरून थेट आली, कात्र्या तशाच. आमच्या बांधावर आता सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्याची बादली असते. प्रत्येक झाडानंतर कात्री तिच्यात बुडवायची.

सोलापूरजवळ केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांचा सल्ला घ्यावाच, मीही घेतो. पण सल्ला कळूनही माणूस नेमका कुठं चुकतो, पैशापायी की घाईपायी, हे चुकलेलाच सांगू शकतो. 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' आपण सहज म्हणतो. पुढच्यानं ठेच लपवली तर मागचा शहाणा होणार कसा? आणि तो लपवतो ते उगाच नाही. डोक्यावर पीककर्ज असतं, घरात लग्नाची पोरगी असते, चावडीवर चार लोक 'त्याला जमलं नाही' म्हणून मोकळे होतात. तोंड उघडायची हिंमत आपणच घालवतो.

शेतकऱ्यांच्या शिवारफेऱ्या, म्हणजे एकत्र बागा बघायच्या फेऱ्या, निघतात त्याही चांगल्याच प्लॉटवर. म्हणून आमच्या गटानं ठरवलंय, दर फेरीत एक तरी गेलेली बाग बघायची. मालकाला आधी विचारून जायचं, घरी बसून चहा घ्यायचा, सल्ला अजिबात द्यायचा नाही. विचारायचं एवढंच: पहिलं झाड कधी बिघडलं, तेव्हा काय दिसलं, तुम्ही काय केलंत? यंदा कुणाची बाग गेली असेल आणि बोलायची तयारी असेल, तर कळवा. आम्ही येतो.