'कुणबीण १': पेशवे दफ्तरात एका बाईचा माग काढताना

पुणे स्टेशनवरून कौन्सिल हॉलकडे रिक्षा केली की पेशवे दफ्तर, म्हणजे पेशवाईतल्या सरकारी कागदांचं पुराभिलेखागार, जवळच आहे. मी गेले ते एका बाईसाठी. जुन्या हिशेबाच्या एका छापील उताऱ्यात ती सापडली होती: 'कुणबीण १'. वरच्या ओळीत बैल, खालच्या ओळीत ती. नाव नाही, गाव नाही. इथे कुणबीण म्हणजे दासी: विकत घेतलेली, मोहिमेत धरून आणलेली किंवा बदकर्माचा, म्हणजे व्यभिचाराचा, ठपका ठेवून सरकारात जमा केलेली.

दफ्तरातले कागद मोडी लिपीत आहेत. ती येत नसेल तर आधी शिका. बोरूनं वरची रेघ ओढून तिच्याखाली सलग लिहिलेलं असतं. शब्द कुठे संपला हे कळायलाच डोळ्यांना सवय लागते. सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग चालतात. तारखांचीही तयारी हवी, कारण साल अरबी अंकशब्दांत लिहिलेलं असतं. 'समान सबैन मया व अलफ' म्हणजे आठ, सत्तर, शंभर, हजार: शुहूर सन (कागदांतली त्या काळची कालगणना) ११७८. हे वर्ष मृगाला सुरू होतं. मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढे ६००. म्हणजे हे साल १७७७-७८.

ओळखपत्र आणि विषय लिहिलेला अर्ज जवळ ठेवा, फोटोची परवानगी आधीच विचारा. अर्जात नुसतं 'गुलामगिरी' लिहून भागत नाही, कारण दफ्तर त्या विषयानं लावलेलंच नाही. मालक कोण, खातं कोणतं, साल कोणतं हे सांगा. मग रुमाल, म्हणजे कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं, समोर येतं. गणेश चिमणाजी वाडांनी रोजकीर्दीतून, म्हणजे रोजच्या नोंदींच्या वहीतून, निवडलेले उतारे देवनागरीत छापलेले आहेत. ते घरीच वाचून या, दफ्तरातला वेळ मोलाचा असतो.

मालमत्तेच्या यादीत या बायका नुसत्या आकड्यानं येतात. नाव शोधायचं ते खर्चाच्या कागदात. लुगडं कोणाला दिलं, शिधा कोणाला लागला, हे लिहिताना कारकुनाला माणसं वेगळी ओळखावी लागायची. कोणी पळून गेली, तर तिला परत आणायला लिहिलेल्या पत्रात नाव, वय, वर्णन यांपैकी काहीतरी येण्याची शक्यता असते. जिनं सुटकेसाठी धडपड केली तिचाच कागद जास्त बोलतो, याचं मला फार वाईट वाटलं. पुरुष शोधत असाल तर 'पोरगा' हा शब्दही पाहा. वयाचा माणूस असला तरी तसंच लिहीत.

नाव जुळलं म्हणून बाई तीच, असं मात्र धरू नका. कोठी (ती ज्या कोठारात कामाला होती ते खातं), साल आणि मालक तिन्ही जुळले तरच पुढे जा. माझ्या हाती तिची कोठी आणि लुगड्याची एक नोंद लागली. त्या नोंदीत नाव आहे, पण साल जुळत नाही, म्हणून ते नाव मी इथे तिला देत नाही.

पेशवाई संपल्यावरचा, म्हणजे १८१८ नंतरचा, माग काढायचा असेल तर मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात कंपनी सरकारचे कागद पाहा. १८४३ च्या पाचव्या कायद्यानं गुलामांवरचा मालकी हक्क कोर्टात चालेनासा झाला, त्यामुळे त्याआधीच्या तक्रारी आणि अर्ज विशेष मागून घ्या.