फुटाला पाव इंच

गेल्या महिन्यात बाथरूमची फरशी बदलून घेतली. मिस्त्रींची पाठ वळली आणि मी पहिली बादली ओतली. पाणी जाळीकडे जायचं सोडून सरळ दाराकडे निघालं, उंबरा ओलांडून पायपुसण्यात शिरलं. लगेच फोन लावला, तर मिस्त्री म्हणाले, "काकू, ढाळ आहे की! फुटाला पाव इंच, मोजून दिलाय."

दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी माझ्यासमोर मोजलाही. होता. फुटाला पाव इंच, अगदी चोख. फक्त दाराकडे.

इतकी वर्षं मराठी शाळेत भूगोल शिकवला, पण ग्रेडियंट म्हणजे काय ते सांगायला इतकं चांगलं उदाहरण कधी सापडलं नव्हतं. आमच्याकडे त्याला 'प्रवणता' म्हणायचं. उंचीतला फरक भागिले अंतर, की मिळाले दोन मार्क. पण हे अर्धंच झालं. गणितातल्या ग्रेडियंटला आकड्याबरोबर दिशाही असते: उभ्या जागेवरून सगळ्यात खडा चढ ज्या बाजूला, ती. पाणी बरोबर त्याच्या उलट जातं. सिंहगडाच्या नकाशावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, काटकोनात छेदत खाली या, तीच पाण्याची वाट. रेषा जिथे दाटीवाटीने येतात तिथे आपलेही गुडघे बोलायला लागतात. मिस्त्रींचा आकडा बरोबर होता, दिशा चुकली होती.

फुटाला पाव इंच म्हणजे ४८ ला १, ४८ इंचांत एक इंच उतार. हे मनात मांडलं आणि हसूच आलं. १८६३ साली सुरू झालेल्या बोरघाटातल्या रेल्वेचा सर्वांत खडा चढ ३७ ला १ आहे. म्हणजे माझ्या बाथरूमपेक्षा थोडासाच जास्त! डोळ्यांना सपाटच वाटेल असा. पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक, त्यात शेकडो टनांची गाडी. एवढ्याशा चढासाठी कर्जतला मागून ढकलायला बँकर इंजिनं जोडतात. तेवढ्यात आपला वडापाव होतो.

घाट चढून आलं की दुसरा ग्रेडियंट सुरू होतो, पावसाचा. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, पुण्यात सातशेच्या आसपास. मधलं अंतर लोकलने साठ-पासष्ट किलोमीटर. सरासरी काढली तर किलोमीटरमागे पन्नासेक मिलिमीटर कमी होतात, पण ही सरासरी फसवी आहे. घाटमाथ्यापासूनच्या पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरांतच पाऊस धाडकन उतरतो, पुढे हळूहळू. मळवलीला खिडकी बंद करायची आणि तळेगावला उघडायची, हे रोज जाणाऱ्यांना कुणी शिकवावं लागत नाही. तापमानाचं, दाबाचं, विरघळलेल्या मिठाचंही असंच: नुसतं किती आहे ते नाही, पावलागणिक किती बदलतंय आणि कुठल्या बाजूला, ते. लग्नपत्रिकेवर गुलाबीचा हळूहळू केशरी होतो त्यालाही हल्ली ग्रेडियंट म्हणतात. पत्रिका वाचता येत नाही, पण शब्द बरोबर आहे.

हे सगळं मी भाच्याला ऐकवलं. तो हिंजवडीला संगणकाला काहीबाही शिकवत असतो. म्हणाला, "मावशी, आम्ही दिवसभर हेच करतो. ग्रेडियंट डिसेंट." धुक्यात टेकडीवर उभे आहोत, पुढचं काही दिसत नाही, पायाखालचा उतार चाचपत एकेक पाऊल खाली यायचं. टेकडी म्हणजे संगणकाच्या चुका, आणि दरी म्हणजे चूक कमीत कमी. पंचाईत एवढीच, की कधीकधी मधल्याच खड्ड्याला दरी समजून तिथेच मुक्काम पडतो. त्याला लोकल मिनिमम म्हणतात.

मिस्त्रींनी कुरकुरत नऊ फरशा उखडल्या आणि पुन्हा बसवल्या. आता पाणी जाळीकडे जातं. बेसिनखालच्या कोपऱ्यात मात्र वाटीभर साचून राहतं. मिस्त्री म्हणाले, "काकू, एवढं चालतं." भाच्याने वाकून बघितलं आणि खूश होऊन म्हणाला, "मावशी, हाच तो!"

रोज सकाळी आंघोळ झाली की मी त्या लोकल मिनिममवर फडकं फिरवते.