जावास्क्रिप्टला पर्याय शोधताय? आधी काम कोणतं ते ठरवा

ब्राउझरमध्ये पान हलतं-बोलतं करणारी भाषा, जावास्क्रिप्ट, आता जाणार, अशी भाकितं नवी नाहीत. तिला पर्याय म्हणून आणलेल्या डार्ट भाषेचं स्वतंत्र व्हीएम (ती चालवणारं इंजिन) क्रोममध्ये घालायचा बेत गूगलने 2015 मध्ये गुंडाळला. सध्या सगळ्यांचा डोळा वेबअसेंब्लीवर, म्हणजे वासमवर आहे: दुसऱ्या भाषांत लिहिलेला कोड ब्राउझरमध्ये चालवायचा हा फॉर्मॅट. 2017 पासून ते चारही मोठ्या ब्राउझरांत चालतं, डिसेंबर 2019 मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने त्याला मानक केलं. पण वासमला डॉमला, म्हणजे पानावरच्या घटकांच्या रचनेला, थेट हात लावता येत नाही, मध्ये जावास्क्रिप्ट लागतंच. फोटो लहान करणं, पीडीएफ बनवणं अशा आकडेमोडीच्या कामाला ते उत्तम. नुसत्या फॉर्मसाठी कशाला?

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या होमस्टेचं बुकिंगचं पान घ्या. भर पावसात, रेंज येते-जाते अशा ठिकाणी ते उघडायचंय, म्हणजे फाइल लहान हवी. गो भाषेत लिहिलेलं, नुसतं ‘हॅलो’ छापणारं वासम 2 एमबीच्या घरात जातं. टायनीगो या गोच्या छोट्या कंपायलरने ते बरंच उतरतं. रस्ट भाषा असेल तर फाइल लहान करणारी कंपायलरची सेटिंगं, ऑप्ट-लेव्हल ‘झेड’ आणि एलटीओ, चालू ठेवा, शेवटी वासम-ऑप्ट हे फाइल आटवणारं साधन फिरवा.

मग सर्व्हर. फाइल ‘ॲप्लिकेशन/वासम’ या माइम टाइपने (फाइल कोणत्या प्रकारची ते सांगणाऱ्या खुणेने) गेली नाही, तर स्ट्रीमिंग लोड, म्हणजे उतरता उतरताच फाइल तयार करणं, टाइपएरर देऊन थांबतं. एनजिनएक्स या वेब सर्व्हरचं जीझिप (फाइल दाबून पाठवायची सोय) मुळात फक्त एचटीएमएल दाबतं, त्यामुळे हा टाइप जीझिपच्या यादीतही घालावा लागतो. हे बहुतेक जण विसरतात.

देवनागरीत आणखी एक खोच आहे. ‘पणजी’ची लांबी जावास्क्रिप्टमध्ये 4, रस्टच्या ‘लेन’ या लांबी मोजणाऱ्या फंक्शनमध्ये 12, कारण रस्ट बाइट मोजतं आणि यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइटचं. नाव 10 बाइटांवर कापायला गेलात की चिन्ह मध्येच तुटतं, रस्ट पॅनिक होतं, म्हणजे बंद पडतं, आणि कन्सोलवर फक्त ‘अनरीचेबल’ दिसतं. पॅनिकचा निरोप कन्सोलवर छापणारा ‘पॅनिक हुक’ बसवला असेल तरच खरं कारण कळतं.

बुकिंगला माझं मत एचटीएमएक्स या छोट्या लायब्ररीला. सर्व्हर एचटीएमएलचा तुकडा पाठवतो, ॲट्रिब्यूटमध्ये सांगितलेल्या जागी तो बसतो. तेही जावास्क्रिप्टच, पण तुम्हाला लिहावं लागत नाही. फक्त ‘ही तारीख भरली आहे’ हा निरोप 422 या (भरलेली माहिती चालत नाही, असं सांगणाऱ्या) कोडने पाठवलात, तर मूळ सेटिंगमध्ये तो पानावर येतच नाही. 4 आणि 5 ने सुरू होणाऱ्या कोडची उत्तरं एचटीएमएक्स पानावर बसवत नाही. आवृत्ती 2 मध्ये ‘रिस्पॉन्स-हँडलिंग’ या सेटिंगमध्ये 422 ला परवानगी द्या. फॉर्मला साधं ॲक्शनही (माहिती पाठवायचा पत्ता) ठेवा, म्हणजे स्क्रिप्ट उतरलीच नाही तरी बुकिंग जाईल.