फुताबाहून काशिवाझाकीला

जपानमधल्या फुकुशिमाजवळच्या फुताबा स्टेशनवर माझ्यासोबत उतरले जेमतेम चौघं. फेब्रुवारीचं कोरडं ऊन आणि हाडात शिरणारा वारा. अणुदुर्घटनेच्या संग्रहालयापर्यंत दोनेक किलोमीटर चालत गेलो. वाटेत घरं थोडी, मोकळे चौथरेच जास्त. एका चौथऱ्यापुढे टपालपेटी अजून उभी होती, तोंडाला चिकटपट्टी लावलेली. ती बघून पुढे पाऊल टाकवेना.

11 मार्च 2011 ला त्सुनामीचं पाणी फुकुशिमा दाइइची प्रकल्पात घुसलं, डिझेल जनरेटर बुडाले, गाभे थंड ठेवायला वीज उरली नाही आणि तीन अणुभट्ट्या वितळल्या. फुताबा रिकामं झालं. लोकांना परत राहायची परवानगी मिळाली ती ऑगस्ट 2022 मध्ये, तीही गावाच्या एका तुकड्यापुरती. पूर्वी इथल्या रस्त्यावर कमान होती: ‘अणुऊर्जा : उज्ज्वल भविष्याची ऊर्जा’. हे शब्द गावातल्याच एका शाळकरी मुलानं लिहिलेले. आणि वीज जायची टोकियोकडे.

दुसऱ्या दिवशी शिंकान्सेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं, नागाओका, तिथून साध्या गाडीनं काशिवाझाकी. डोंगर ओलांडले आणि सगळं पांढरं झालं. इथला काशिवाझाकी-कारिवा प्रकल्प क्षमतेनं जगात सर्वांत मोठा: सात अणुभट्ट्या, 8,212 मेगावॉट. कंपनी फुकुशिमा दाइइचीचीच, टेपको, म्हणजे टोकियोची वीज कंपनी. वीजही टोकियोच्याच बाजूला जाणारी. नोव्हेंबर 2025 मध्ये काशिवाझाकी ज्यात येतं त्या निगाता प्रांताच्या गव्हर्नरांनी प्रकल्प पुन्हा सुरू करायला होकार दिला आणि जानेवारी 2026 मध्ये सहावी अणुभट्टी सुरू झाली.

सरकार म्हणतं, तेल-वायू बाहेरून आणावं लागतं, त्याचा खर्च झेपत नाही. ते खरंच आहे. प्रकल्पापुढे आता समुद्रसपाटीपासून 15 मीटर उंच बांध आहे, हेही मान्य. पण 30 किलोमीटरच्या आत चार लाखांवर माणसं राहतात. त्यांनी निघायचं कसं? डिसेंबर 2022 मध्ये याच भागात राष्ट्रीय महामार्ग 8 वर बर्फात शेकडो गाड्या अडकल्या होत्या. 1 जानेवारी 2024 ला नोतो द्वीपकल्पात भूकंप झाला तेव्हा रस्तेच खचले. त्या द्वीपकल्पाच्या टोकाला सुझू आहे. तिथेही अणुप्रकल्प यायचा होता. गावकऱ्यांनी वर्षानुवर्षं विरोध केला आणि 2003 मध्ये तो बारगळला. त्या माणसांचे उपकार कोण मोजणार? संमती विचारायची तर अशांना आधी विचारा, असं मला मनापासून वाटतं.

मी उतरलो होतो त्या घरच्या आजी सकाळी दारातला बर्फ ओढत होत्या. फोनवरच्या भाषांतराच्या आधारानं मी विचारलं, काही झालं तर कुठे जायचं ठरलंय? फावडं भिंतीला टेकवून त्या म्हणाल्या, “पाच किलोमीटरच्या बाहेरच्यांनी आधी घरातच थांबायचं, असं सांगितलंय.” मग दाराच्या चौकटीवर हात ठेवला. 2007 च्या भूकंपात ती कलली होती. जोड दिलेलं लाकूड वेगळ्या रंगाचं दिसत होतं.

“घरच राहिलं नाही तर?”

त्यांनी फावडं पुन्हा उचललं. रस्त्यापर्यंतची वाट अजून अर्धी बाकी होती.