आईचा रकाना

चुलतकाकांनी गावाहून वंशावळीचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला तेव्हा मला वाटलं, अवघड काम झालं. सहा पिढ्या, पानापानावर नाव लिहिलेलं झाड. दोन रात्री बसून सगळं एक्सेलमध्ये उतरवलं, खाली मी, भाऊ आणि चुलत भावंडं जोडली, फाइल सीएसव्ही केली आणि बीजीमिस्क या नाती मोजणाऱ्या सॉफ्टवेअरला दिली.

मी एम.ए.च्या मुलांना मानसशास्त्रासाठी लागणारं संख्याशास्त्र शिकवते. चिंता, स्वभाव, वाचनाची गती यांत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला किती जनुकांकडे जातो, किती एका घरात वाढल्याकडे आणि किती ज्याच्या-त्याच्या वाट्याला आलेल्या अनुभवांकडे, हा वर्तन-आनुवंशिकीचा प्रश्न. शिकवताना सुरुवात जुळ्यांपासून होते: एकबीज जुळ्यांचं जनुकीय नातं 1 (म्हणजे जनुकं पूर्ण सारखी), द्विबीज जुळ्यांचं सख्ख्या भावंडांसारखं सरासरी 0.5. त्या मॉडेलसाठी ओपनएमएक्स हे सॉफ्टवेअर आहे. पण जुळी नसतील तर? आपल्याकडे गोतावळा तर भरपूर असतो. बीजीमिस्क हे आर या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेतलं पॅकेज त्यासाठीच आहे, त्यावरचा लेख 2024 मध्ये आला. त्याला तीन रकाने पुरतात. माणसाचा आयडी, आईचा आयडी, वडिलांचा आयडी. एवढ्यावरून ते घराण्यातल्या प्रत्येकाचं प्रत्येकाशी नातं आकड्यात काढून मोठा तक्ता हातात देतं.

माझ्या तक्त्यात मी आणि माझा सख्खा भाऊ यांच्यासमोर आलं 0.25.

बाबा आणि काका, तेही 0.25. वरच्या पिढीतही तेच. तासभर कोड तपासला. कोडमध्ये काही चूक नव्हती. आईचा रकाना वरपासून खालपर्यंत रिकामा होता. वंशावळीत एकही बाई नव्हती, आणि टाइप करताना माझ्या ते लक्षातसुद्धा आलं नाही. माझ्याच पिढीसमोर आईचं नाव मी घातलं नव्हतं, याचं मला अजून वाईट वाटतं. आई माहीत नसेल तर सॉफ्टवेअर फक्त वडिलांकडून आलेलं नातं धरतं, आणि ते निम्मंच भरतं. सहा पिढ्यांची सगळी सख्खी भावंडं त्या कागदाने सावत्र करून ठेवली होती.

रविवारी मेगाब्लॉकमधून वाट काढत गिरगावात आत्याकडे गेले. आत्या एक्याऐंशी वर्षांची आहे, अजून चाळीतच राहते. गॅलरीत खुर्ची टाकून तिने एकेका काकूचं, आजीचं, पणजीचं नाव सांगायला सुरुवात केली आणि मी लॅपटॉपवर आयडी देत गेले. मध्येच मी तिला बाबांच्या मामेभावाने फोनवर सांगितलेली यादी वाचून दाखवली. त्यात त्या मामेभावाच्या आत्याचं नाव द्वारका होतं.

"अगं, द्वारका म्हणजे माझी आईच की!"

"आजीचं नाव लक्ष्मी ना, आत्या?"

"ते इकडचं. ताटात तांदूळ पसरून अंगठीने नाव लिहितात ना, तिथे द्वारकेची लक्ष्मी झाली. माहेरी गेली की पुन्हा द्वारकाच."

माझ्या फाइलमध्ये आजी दोनदा होती, दोन वेगळ्या आयडींनी. द्वारकेला मुलं नव्हती आणि लक्ष्मीला आईवडील नव्हते. त्यामुळे बाबा आणि त्यांचे मामेभाऊ यांचं नातं शून्य दाखवत होतं. एकच आयडी दोन माणसांना दिला गेला तर पॅकेज सांगतं. एकच बाई दोन नावांनी नांदली, हे आत्याशिवाय कोण सांगणार? दोन्ही ओळी एक केल्या, पुन्हा चालवलं. 0.125. मी स्क्रीन आत्याकडे वळवली. तिने चष्मा लावून तो आकडा बराच वेळ पाहिला.

चुलत, मामे, आते, मावस, सगळ्यांना हाच 0.125. पण आपल्या भाषेने चार शब्द वेगळे ठेवलेत, आणि ते जीवशास्त्रातही उपयोगी पडतात. पेशीतल्या मायटोकाँड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो, त्यामुळे मावस भावंडांमध्ये तो एकच असतो. आते-मामे भावंडांत सहसा नसतो, चुलत भावंडांतही नाही. चुलतभावांमध्ये वाय गुणसूत्र मात्र एक असतं. बीजीमिस्क मायटोकाँड्रियाचा वेगळा तक्ता काढून देतं. मावस आणि चुलत भावंडांची मोठ्या संख्येने तुलना केली तर आईकडून येणाऱ्या या वाटेचा काही परिणाम आहे का, हे तपासता येतं. मोठ्या संख्येने, हे महत्त्वाचं. आमच्या एका घराण्यावरून कुणाच्या स्वभावाबद्दल काहीही सिद्ध होत नाही, आणि हे मी वर्गात दर वर्षी ठासून सांगते.

तक्त्याच्या कर्णावर, म्हणजे जिथे प्रत्येकाचं स्वतःशीच नातं येतं तिथे, सगळीकडे 1 होते, फक्त एका काकांसमोर 1.0625. त्यांची आई त्यांच्या वडिलांची मामेबहीण होती. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या लग्नातून झालेल्या मुलासाठी 1 च्या वर एक सोळांश येतो, हे पुस्तकातून कितीदा तरी शिकवलंय. आपल्या माणसासमोर तो आकडा पहिल्यांदा पाहिला.

हे सगळं फुकट मिळालं, म्हणून जमलं. आर, ओपनएमएक्स, बीजीमिस्क, तिन्हींचा कोड उघडा आहे. महागड्या पॅकेजचं लायसन्स संपलं की ऐन परीक्षेच्या तोंडावर लॅब बंद पडायची, असे दिवस मी एका कॉलेजात काढलेत. आता माझी मुलं लोकलमध्ये बसूनही जुन्या लॅपटॉपवर तोच कोड चालवतात, आणि 0.25 कुठून आला हे आत शिरून बघू शकतात.

आईच्या रकान्यात अजून अकरा जागांवर नाव नाही. तिथे मी नुसते आयडी दिलेत. सॉफ्टवेअरला नाव लागत नाही, पण ओळ लागते. गणपतीला गावी जाईन तेव्हा खालच्या वाडीतल्या आजींकडे बसायचं ठरलंय. आत्या म्हणते, त्यांना माहेरची नावंही ठाऊक आहेत.