केदारकांठा: सांक्रीत पोचेपर्यंत स्पाइक्स परत देऊ नका

उत्तराखंडातला केदारकांठा हा बर्फातला ट्रेक सोपा आहे, असं पुण्यात आम्हाला तिघांनी सांगितलं होतं. चढ सोपाच आहे. पायथ्याचं गाव सांक्री सुमारे ६,४०० फुटांवर, शिखर १२,५०० वर, मध्ये दोन मुक्काम. सह्याद्रीत नियमित सॅक घेऊन फिरणाऱ्याला जड जाणार नाही. उतरण्याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. मेहुण्याचं मनगट मोडलं ते उतरतानाच, सांक्री तासाभरावर आलेली असताना.

झालं असं. डिसेंबरअखेर गेलो होतो. मायक्रोस्पाइक्स (बुटाखाली चढवायची रबर-साखळीची दातेरी पकड) आणि गेटर्स (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर बांधायचं कापड) आमच्या ट्रेकवाल्यांकडूनच भाड्याने घेतले, चार दिवसांचे पैसे आगाऊ देऊन. हातात मिळाले ते शिखराच्या दिवशी पहाटे तीनला. दुपारी जुडा का तालाब या वाटेवरच्या तलावाला उतरलो तर परत गोळा करायला सुरुवात. पुढच्या बॅचला हवेत, आणि "आगे बर्फ नहीं है". चार दिवसांचं भाडं आणि वापर जेमतेम दहा तास! पैसे गेले त्याचं एवढं नाही, पण त्या एका वाक्याचा राग अजून गेलेला नाही.

तलावापासून खाली उतरताना बर्फ कमी होतो हे खरं. पण जो उरतो तो दाट झाडीत, जिथे ऊन पोचत नाही. दिवसभर शेकडो बूट आणि खेचरं तो दाबत जातात, वरचा थर जरासा वितळतो, रात्री पुन्हा गोठतो. आठवडाभरात पायवाटेची टणक, निळसर लादी होते. वरून देवदाराच्या काड्या आणि माती पसरलेली, त्यामुळे ती दिसतही नाही. पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावरही बुटाला एखादी खाच मिळते, इथे तीही नाही. मेहुणा मागे पडला आणि त्याने हात टेकला. आवाज मला ऐकू आला.

पुढचा तास आम्ही कसा काढला ते लिहून ठेवतो, कोणाला तरी उपयोग होईल. बुटांवरून लोकरीचे जाड मोजे चढवले. त्याने खरंच पकड येते. वाट सोडून कडेच्या मऊ बर्फात टाच रोवत उतरलो. मनगटाला फोमची चटई कापून गुंडाळली आणि हात ओढणीने गळ्यात बांधला. एक्स-रे निघेपर्यंत दुसरा दिवस उजाडला.

म्हणून स्पाइक्स स्वतःचे विकत घ्या. भाड्याचेच घ्यायचे तर पैसे देण्याआधी, बूट घालून, तिथेच चढवून बघा. रबर ताणून चिरा बघा, साखळीची एकेक कडी बघा. माझ्या डाव्या स्पाइकची एक कडी तारेने बांधलेली होती. आणि सांक्रीत पाऊल ठेवेपर्यंत ते कोणाच्या हातात देऊ नका, कोणी कितीही घाई करू दे.

स्पाइक्स घालून बर्फावर बसून घसरू नका. शिखरावरून उतरताना सगळे तेच करतात. दात बर्फात अडकला की पाय थांबतो, अंग पुढे जातं आणि घोटा पिळवटतो. ऊन चढल्यावर ओला बर्फ दातांत गोळा होऊन तळव्याखाली लाडू बनतो. दर काही पावलांनी काठीने ठोकून पाडा, नाहीतर स्पाइक्स असून नसल्यासारखे.

शिखराखालच्या बेस कॅम्पला, साधारण ११,२५० फुटांवर, रात्री पाण्याची बाटली उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, झाकण मोकळं राहतं. डोकं दुखू लागलं तर लपवू नका, वाढलं तर खाली या. गॉगल हवाच. रोकड सांक्रीच्या वाटेवरच्या पुरोला गावातच काढून घ्या. देहरादून ते सांक्री गाडीत आठ-दहा तास जातात, त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका.

शिखरावर स्वर्गारोहिणी, काळानाग आणि बंदरपूंछ ही शिखरं समोर होती. महादेवाच्या त्रिशुळापाशी मला रडू आलं. मी पुन्हा जाणार आहे. मेहुण्याचं प्लास्टर उतरलं की तोही येतो म्हणालाय. दोघांचे स्पाइक्स घेऊन झालेत.