नाही, मी मिश्री लावत नव्हते

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. जबड्याच्या कॅन्सरच्या ऑपरेशनचा, कानाखालून हनुवटीपर्यंत गेलेला व्रण दिसला की एसटीत शेजारी बसलेली बाईसुद्धा आवाज खाली आणून विचारते, "मिश्री लावायचात का हो?" नाही. तंबाखू नाही, विडासुद्धा बिनसुपारीचा. आणि लावत असते, तरी विचारायचा हा सूर कशाला?

उजव्या जबड्याच्या कोपऱ्यात गाठ आली. सुपारीएवढीच, काय करणार. दुखत नव्हती, म्हणून तर चार महिने गेले. एका दवाखान्यात अक्कलदाढ समजून दाढ काढली. दाढ गेली, गाठ राहिली. मग तोंडात दोन बोटंही जाईनात, तेव्हा एमआरआय आणि बायोप्सी.

रिपोर्टवर नाव होतं सिनोव्हियल सार्कोमा. तोंडाचा नेहमीचा कॅन्सर आतल्या अस्तरातून उठतो, तंबाखू-सुपारी त्याला कारण. सार्कोमा स्नायू, चरबी, नसा असल्या मऊ भागांचा. मोठ्या माणसांच्या शंभर कॅन्सरांत जेमतेम एखादा. त्यातून हा प्रकार बहुधा गुडघ्याच्या आसपास निघतो, माझा जबड्यात. बायोप्सीच्या तुकड्याचे मेणाचे ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड रुमालात गुंडाळून आम्ही परळला टाटात गेलो. तिथे खात्रीसाठी 'फिश' टेस्ट सांगितली, म्हणजे गाठीच्या पेशींतल्या गुणसूत्रांची तपासणी. सासूबाई म्हणाल्या, "मासे खाऊन कसं कळणार?" त्या तपासणीत अठराव्या गुणसूत्राचा तुकडा तुटलेला दिसला. या गाठीत तो एक्स गुणसूत्राच्या तुकड्याशी अदलाबदल करतो. हे आईबापाकडून येत नाही, हे ऐकल्यावर मी आधी लेकीला फोन केला.

ऑपरेशनमध्ये गाठीभोवतीचा चांगला भागही काढावा लागतो, त्यात जबड्याचं हाड गेलं. त्या जागी पायातलं बारीक हाड, रक्तवाहिन्यांसकट, बसवलं. म्हणजे मी चावते ते थोडंफार पोटरीनेच! मग रेडिएशनचे तीस दिवस, चेहऱ्यावर जाळीचा मास्क टेबलाला घट्ट अडकवून. केमोचं लाल औषध चढलं की लघवीही लाल. आधी कुणी सांगितलं नसतं तर घाबरून मेले असते. आता ठरावीक दिवसांनी छातीचा सीटी, कारण हा पसरला तर आधी फुप्फुसात जातो.

रेडिएशनने जबडा आखडतो, म्हणून आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या. नऊपासून सुरुवात केली, आज चौदा जातात. पाणीपुरीला अजून पुरत नाहीत. पुरी वाटीत फोडून चमच्याने खाते, भैय्याला ते अजिबात आवडत नाही.